नळीत नळी, तिच्यात दांडा

शाळकरी मुलाने चार-सहा महिने खपून केलेली बोट तळ्यात सोडावी आणि दहाव्या मिनिटाला तिचा मागचा भाग जड होऊन खाली जाऊ लागावा, याहून मोठी निराशा त्या वयात नसते. (एन.सी.सी.च्या नौदल शाखेत नौका-प्रतिकृती बनविणे हा शिक्षणाचाच भाग आहे. तेव्हा असा उद्योग पुष्कळ घरांत चालतो.) दोष बहुधा तळाच्या सांध्यांत शोधला जातो. आम्ही म्हणू, आधी पंख्याच्या दांड्याची नळी पाहावी.

मोटरीपासून पंख्यापर्यंतचा पोलादी दांडा पितळी नळीतून फिरतो. नळीच्या दोन्ही टोकांत बारीक नळीचे आखूड तुकडे बसवून दांड्याला आधार देतात. एकीत एक सरकणाऱ्या या नळ्यांचा व्यास १/३२ इंचाने वाढत जातो आणि त्यांची जाडी सुमारे ०.०१४ इंच असते. म्हणजे दोहोंत जेमतेम ०.०८ मिलिमीटर मोकळीक उरते. हाताला ती घट्ट वाटते. परंतु मोटरीच्या कंपाने तुकडा सुटतो, दांडा थरथरतो, भोक झिजते आणि पाणी आत शिरते.

इतक्या अरुंद फटीत इपॉक्सी टिकत नाही. नळी सरकवताना ते पुसले जाऊन तोंडाशीच साचते. झटपट चिकटणारा गोंद तर नळी अर्ध्या वाटेवरच धरून ठेवतो. खरा उपाय झाळकामाचा. कल्हईवाला नवसागर टाकून कथील फिरवी, ते ज्यांनी पाहिले त्यांना हे नवे नाही. दोन्ही पृष्ठे पॉलिश कागदाने चकचकीत करावीत, फ्लक्स लावून नळ्या जुळवाव्यात आणि उष्णता डाखाला नव्हे, नळीला द्यावी. कथील-शिशाचा डाख १९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळून फटीत आपोआप ओढला जातो. चांदीच्या डाखाला ६०० अंशांहून अधिक तापमान लागते व पितळ मऊ पडते. तो मोह टाळावा. शेवटी गरम पाण्याने फ्लक्स धुवावा, नाहीतर पितळ गंजते. शिसे असल्यामुळे खिडकी उघडी ठेवावी, हात धुवावेत आणि जवळ वडीलधारे माणूस असावे.

तेल मुरवलेले ब्राँझचे बुश आधीच बसवले असतील तर मात्र तापवू नये, आतले तेल निघून जाते. तेथे हवा तुटल्यावर धातूच्या स्पर्शाने घट्ट होणारे द्रव वापरावे. पितळावर ते लवकर धरते, स्टेनलेस पोलादावर सावकाश. त्याचा थेंब बुशापर्यंत गेला तर दांडाच जखडतो. म्हणून दांडा काढून ठेवून रात्रभर वाट पाहावी.

सकाळी दांडा बोटाने फिरवून पाहावा, मग नळीत ग्रीस भरावे. नळीचे आतले तोंड पाण्याच्या पातळीच्या वरच ठेवावे.