टेकडीची पायवाट हेही औषधच!

गेल्या आठवड्यात एक जुने पेशंट दवाखान्यात आले. वय ५२, मधुमेहाचा त्रास. तीन वर्षे ते रोज सकाळी गावामागच्या टेकडीवर, गुराख्यांच्या पायवाटेने सायकल चालवत. साखर आटोक्यात होती. मग टेकडीवर प्लॉट पडले, तारेचे कुंपण आले, सायकल घरात उभी राहिली आणि साखर वाढली. "डॉक्टर, आता जाऊ कुठं?" त्यांनी विचारले. मी गोळी वाढवून दिली. पण प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

चढावर सायकल चालवताना मांड्यांचे मोठे स्नायू रक्तातील साखर वापरतात. शरीराचा बराचसा भार सीटवर असल्याने गुडघ्यांना पळण्याइतके हादरे बसत नाहीत. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले. पण तो ट्रकच्या धुरात कसा करायचा?

पुण्यात शिकत असताना मी वेताळ टेकडीवर फिरायला जात असे. तिथल्या वाटा कोणी आखलेल्या नाहीत. चालणाऱ्यांच्या पायांनी त्या पडल्या. त्याच टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि पोटातून बोगदे काढण्याचे प्रस्ताव आले, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. आपल्या छोट्या गावातली वाट मात्र गाजावाजा न होता बंद होते.

तेव्हा वाचकहो, आधीच जागे व्हा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्या आणि वाटेची नोंद आहे का पाहा. विकास आराखडा जाहीर झाला की मुदतीत लेखी हरकत द्या. जमीन खासगी असेल, तर मालकाची परवानगी घ्या.

सायकलवाल्यांनीही पथ्ये पाळावीत. पावसात ओल्या वाटेवर सायकल घालू नये. चर पडून माती वाहून जाते. नवी वाट पाडू नये. चालणाऱ्यांना आणि गुरांना आधी जाऊ द्यावे. हेल्मेट घालावे, ब्रेक तपासावेत. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी.

माझे पेशंट आता नकाशाची प्रत काढायला गेले आहेत. हरकतीच्या अर्जावर दुसरी सही माझी असेल. औषधाची चिठ्ठी तर मी रोजच लिहितो!