जड लेथ गेले कुठे?

जुन्या लेथचा विषय निघाला की पहिला वाद फुटांवरून होतो. आपल्या बाजारात लेथ विकतात तो बेडच्या लांबीवर. साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी. गिऱ्हाईकही तेवढंच विचारतं. पण सहा फुटी हलका असतो तसा जडही असतो. बेड रुंदीला केवढा, त्याच्या पोटातल्या आडव्या फासळ्या किती जवळ, स्पिंडलचं भोक केवढं, यावर लेथची जात ठरते. अमेरिकेच्या साउथ बेंडने दहा इंची म्हणून दोन लेथ विकले. हलक्याचं भोक पाऊण इंच, जडाचं 1⅜ इंच. इंची शाफ्ट हलक्याच्या चकमधून मागे जातच नाही. आता करा तुलना!

इंग्लंडचा मायफोर्ड एमएल-7 1946 चा, सेंटर हाइट साडेतीन इंच. छोटी इंजिनं बनवणारे हौशी लोक त्याच्यावर जीव टाकतात; टाकोत. किर्लोस्करांनी 1941 मध्ये हरिहरला मैसूर किर्लोस्कर काढली, 1953 मध्ये स्थापन झालेल्या एचएमटीने स्विस ओर्लिकॉनच्या मदतीने एच-22 आणला. चांगलीच यंत्रं. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झालंय.

मला बोलायचंय ते पंजाबातल्या बटाल्याच्या कोन पुलीवाल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या जड लेथबद्दल. शहरी जाणकार त्याला गावठी म्हणून नाक मुरडतात. ओतीव पुरतं मुरवलेलं नसायचं, हे मान्य. पण माझं माप विदर्भातल्या कारंज्याचं आहे. शकुंतला रेल्वे इथून मूर्तिजापूरला जायची तेव्हापासून हे जिनिंगचं गाव, आणि जिनाच्या रोलरला लेथ लागतोच. डबल रोलर जिनचा रोलर म्हणजे शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेल्या चामड्याच्या चकत्या. मीटरभराहून लांब. तो एकसारखा टर्न करायचा, मग त्यावर मळसूत्री खाचा पाडायच्या. हलक्या लेथचा बेड फाउंडेशनवर जरा पिळला की रोलर टेपर निघतो. मग सुरी एका टोकाला घासते आणि दुसऱ्या टोकाची रुई पकडलीच जात नाही. जड बेड असा सहजासहजी पिळत नाही. शिवाय स्पिंडलला गनमेटलचे बुश. झिजले तर निळं लावून, स्क्रेपरने खरवडून आपल्याच बाकावर पुन्हा बसवता यायचे. बेअरिंगसाठी अकोल्याला माणूस धाडावा लागत नसे. चामड्याची क्रोमवाली धूळ मात्र टर्नरच्या छातीत जायची. सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेने बिनक्रोमचे रोलर काढले ते म्हणूनच, आणि त्याबद्दल मी त्यांना मानतो.

हल्ली एक मत वारंवार ऐकतो: लोकांना हलकेच लेथ आवडत होते, म्हणून तेच आज जास्त सापडतात. साफ चूक. भंगारवाला भाव करतो किलोवर. जिन बंद पडली, मालकाची मुलं पुण्याला गेली, की सगळ्यात आधी ट्रकमध्ये चढतो तो जड लेथ. बिडाचे पैसे जास्त येतात ना! हलका मागच्या खोलीत पडून राहतो, कारण त्याचे येऊन येऊन किती येणार? उरलेल्यांची शिरगणती करून आवडनिवड ठरवणाऱ्यांनी एकदा भंगारवाल्याच्या वजनकाट्याजवळ तासभर बसावं.

कुणाला अजून घ्यायचाच असेल तर फूट विचारू नका. पुढच्या बेअरिंगशेजारी स्पिंडलवर डायल लावा, चकमध्ये लांब सळई धरून वर उचला आणि काटा किती हलतो ते बघा. मग चकजवळच्या बेडवरून नख फिरवा, झीज तिथेच सापडेल. रंगाकडे बघू नका. रंग विकणाऱ्याने कालच मारलेला असतो.