पाळीव कुत्र्यांच्या पंजांचा वारंवार उद्भवणारा संसर्ग : कारणमीमांसा व व्यवस्थापन

प्रस्तावना

वडवणीसारख्या तालुक्याच्या गावी कुत्रा हा प्रामुख्याने शेताचा व गोठ्याचा राखणदार मानला जात असे. आता लॅब्रॅडोर, पॉमेरेनियन यांसारखी कुत्री नोकरदारांच्या घरांतूनही पाळली जातात. अशा कुत्र्यांच्या पायांची बोटे लाल होणे, त्यांनी पंजे सतत चाटणे, बोटांच्या बेचक्यात गाठ येऊन ती फुटणे, औषधाने बरे वाटणे आणि महिनाभरात पुन्हा तेच उद्भवणे, ही मालकांची नेहमीची तक्रार असते. दर वेळी औषध बदलले जाते. कारण मात्र शोधले जात नाही. ते कसे शोधावे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कारणमीमांसा

पंजाच्या संसर्गात मुख्यत्वे दोन सूक्ष्मजीव आढळतात. एक, स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जिवाणू, ज्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून २००५ मध्ये मान्यता मिळाली. आणि दुसरा, मॅलासेझिया ही यीस्ट वर्गातील बुरशी. हे दोन्ही निरोगी कुत्र्याच्या त्वचेवरही वास्तव्य करून असतात. त्वचेचे संरक्षण ढासळले की त्यांची बेसुमार वाढ होते. साहजिकच, औषधाने जंतू कमी झाले तरी संरक्षण ढासळण्याचे कारण कायम असल्यास ते पुन्हा वाढतात.

या संदर्भात पहिला प्रश्न असा विचारावा : एकच पाय बाधित आहे की अनेक? एकाच पंजाला पुनःपुन्हा त्रास होत असेल, तर रुतलेले कुसळ, सराटा, बाभळीचा मोडलेला काटा, जुनी जखम किंवा क्वचित अर्बुद यांचा शोध घ्यावा. आपल्याकडील माळरान व शेतवाटा पाहता ही शक्यता गौण मानता येणार नाही. कुसळ त्वचेखाली पुढे सरकत जाते, त्यामुळे ते छिद्राच्या तोंडाशी सापडेलच असे नाही.

दोन्ही पुढचे किंवा चारही पाय बाधित असतील, तर विचार वेगळा करावा लागतो. घरातील धुळीतील माइट, परागकण अथवा आहारातील प्रथिन यांची ॲलर्जी हे याचे बहुधा आढळणारे कारण होय. खाजेमुळे कुत्रा पंजे चाटतो, ओलाव्यामुळे यीस्ट वाढते, यीस्टमुळे खाज आणखी वाढते आणि हे चक्र चालूच राहते. पांढऱ्या कुत्र्याच्या पंजावरील केस लालसर तपकिरी झाले असतील, तर ते दीर्घकाळ चाटल्याचे लक्षण समजावे. तो रंग लाळेतील द्रव्यांचा असतो. याखेरीज डेमोडेक्स हा केसांच्या मुळाशी राहणारा माइट, अंकुशकृमीच्या अळ्या व थायरॉइडची न्यूनता यांचाही विचार आवश्यक ठरतो. वजनदार, आखूड केसांच्या कुत्र्यांत केस उलटे त्वचेत रुततात व तुटलेला केसच आतमध्ये परकीय वस्तूप्रमाणे दाह निर्माण करतो. अशा गाठींवर केवळ प्रतिजैविकाने कायमचा उपाय होत नाही.

निदान व उपचार

बोटांमधील स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही अल्पखर्चिक तपासणी आहे. जिवाणू व यीस्ट यांचा भेद तीतून लगेच कळतो. त्वचा खरवडून अथवा केस उपटून केलेल्या परीक्षणात डेमोडेक्स दिसतो. आहाराची ॲलर्जी तपासण्यासाठी पूर्वी कधीही न दिलेल्या प्रथिनावर कुत्र्याला किमान आठ आठवडे ठेवावे लागते. या काळात बिस्किटाचा एक तुकडाही चालत नाही. आपल्या घरांत हीच अट पाळणे सर्वांत अवघड जाते.

वरवरच्या संसर्गात क्लोरहेक्सिडिनयुक्त द्रावणाने पंजे नियमित धुणे हा पहिला उपाय होय. धुतल्यानंतर बेचके कोरडे करणे तितकेच महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बोटांत घट्ट बसतो. तो कोमट पाण्याने काढून फडक्याने टिपून घ्यावा. रॉकेल, जळके ऑइल, फिनाईल यांचा वापर सर्वथा टाळावा, कारण कुत्रा ते चाटतोच. माणसांसाठीच्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी लाली तात्पुरती ओसरते व निदान लांबणीवर पडते. गोठ्यातील जनावरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणे तर धोकादायकच आहे. कोली व तत्सम जातींत ते प्राणघातक ठरू शकते.

प्रतिजैविकांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अर्धवट व वारंवार दिलेल्या मात्रांमुळे मेथिसिलीनला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस टिकून राहतात. ते कुत्र्याच्या संपर्कातील माणसांकडे क्वचित संक्रमितही होतात. म्हणून खोल गाठी असतील किंवा आधीचा उपचार निष्फळ ठरला असेल, तर पुढील प्रतिजैविकापूर्वी जंतुसंवर्धन व औषधसंवेदनशीलता चाचणी करून घ्यावी. मराठवाड्यात परभणी व उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे जाताना यापूर्वी दिलेल्या सर्व औषधांची नावे, मात्रा व दिवस यांची नोंद सोबत न्यावी, आणि नमुना घेण्यापूर्वी प्रतिजैविक थांबवावयाचे असल्यास ते किती दिवस थांबवावे, हे पशुवैद्यकास आधीच विचारून घ्यावे.