पोटावरच्या रेघा

"ताई, एक दाखवू? पण सासूबाईंना सांगू नका हं!"

माझी धाकटी जाऊ सातव्या महिन्यात होती, माहेरी जायची तयारी चाललेली. दार लोटून तिने पदर बाजूला केला. बेंबीखाली लालजांभळ्या रेघाच रेघा, ओल्या अंगणात खराटा फिरवावा तशा. रात्रभर खाज. आणि बॅगेच्या तळाशी लपवलेली मलमाची एक ट्यूब, केमिस्टने "खाजेवर चांगली" म्हणून दिलेली. चष्मा लावून बारीक अक्षरे वाचली: क्लोबेटासॉल. म्हणजे जोरकस स्टिरॉइड! असले मलम मनाने बरेच दिवस चोळले की कातडी पातळ होऊन नेमक्या अशाच रेघा उठतात. गजकर्णावर ते लावून मांड्यांवर कायमचे वण घेऊन बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. ट्यूब काढून घेतली नि तिला डॉक्टरीणबाईंकडे नेले.

पोट झपाट्याने वाढते तेव्हा कातडीच्या आतल्या थरातले कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे तुटतात. घट्ट पोलक्याची शिवण न उसवता कापडच विरावे, तसे. गरोदरपणातली हार्मोन्सही त्याला हातभार लावतात. आईला, बहिणीला असतील तर आपल्यालाही येण्याचा संभव अधिक. वजन भरभर वाढले तरी येतात. वयात येताना तर मुलामुलींना मांड्यांवर, पाठीवर येतात. माझ्या नववीतली एक मुलगी कोड समजून रडत होती बिचारी.

सासूबाईंचे म्हणणे, "बाळाचे जावळ दाट आहे, ते आतून टोचते म्हणून खाज." गंमत म्हणजे चरकसंहितेच्या शारीरस्थानात सातव्या महिन्यातल्या या विकाराला 'किक्किस' म्हटले आहे. बाळाच्या केसांमुळे आग होते असे बायका म्हणतात, पण ते खरे नव्हे, असे आत्रेयांनी तिथेच सांगून टाकले आहे. बायकांनी मात्र ऐकलेले दिसत नाही!

डॉक्टरीणबाईंनी रेघांकडे नंतर पाहिले. पहिला प्रश्न त्यांनी वेगळाच केला: तळहात-तळपायांना खाज येते का? रात्री जास्त? अंगावर पुरळ नसताना अशी खाज सुटली तर ती यकृताच्या बिघाडाची असू शकते. रक्त तपासावे लागते, बाळाला धोका असतो. तेव्हा मैत्रिणींनो, अशा वेळी तेल चोळत थांबू नका, लगेच दाखवा. जाऊबाईंचे तसे काही नव्हते.

मग उपाय काय? खोबरेल लावा. कोरडेपणा नि खाज कमी होते. पण कोणत्याही तेलाने किंवा महागड्या क्रीमने रेघा येणेच टळते, असे सिद्ध झालेले नाही. हे पैसे वाचवा. बाळंतपणानंतर लाल रेघांवर ट्रेटिनॉइनचे मलम थोडेफार गुण देते, मात्र त्वचेच्या डॉक्टरांना विचारूनच. गरोदरपणी ते मुळीच नाही, आणि अंगावर पाजत असाल तर तसे आधी सांगा. लेसरने रेघा फिकट होतात, पुसल्या जात नाहीत. खेपा पुष्कळ, खर्च दांडगा, आणि आपल्या सावळ्या कातडीवर उलट काळे डाग पडण्याची भीती. काही महिन्यांनी त्या आपोआप चंदेरी होतात. एकदा पांढऱ्या झाल्या की उपायांना फारशा दाद देत नाहीत.

जाऊबाई खोबरेलाची बाटली घेऊन माहेरी गेली. मुलगी झाली. डोक्यावर जेमतेम चार केस!

सासूबाई म्हणाल्या, "गळले असतील."