न्याहारीच्या पंक्तींत ओट

नवी मुंबईलगत तळोजें येथें केलॉग कंपनीनें १९९४ सालीं कारखाना काढला व मक्याच्या पापुद्र्यांची न्याहारी विकावयास आणली. ते थंड दुधांत खाण्याची पाश्चात्त्य रीत आपल्या घरांत रुजेना. गृहिणींनीं दूध कढत ओतलें आणि पापुद्र्यांचा लगदा झाला! आज वाशी-नेरूळच्या दुकानांत त्याच फळीवर ओटचे डबे दिसतात. हें धान्य मात्र कढत पाण्यांत शिजणारें, म्हणजे आपल्या चुलीच्या सवयीचें आहे.

ओटला उत्तरेकडे जई म्हणतात. आपला सातू तो निराळा. टरफल काढून, वाफवून, रुळांखालीं चेपलेला हा दाणा म्हणजे ओटचे पोहेच होत. कोंडा व अंकुर त्यांत कायम राहतात. त्यांतील बीटा-ग्लुकन हा तंतु, कमी स्निग्ध आहाराच्या जोडीनें, रोज ३ ग्रॅम पोटांत गेल्यास हृद्रोगाचा धोका कमी होऊं शकतो, असें वेष्टनावर छापण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें १९९७ सालीं अनुमति दिली. एवढ्यासाठीं सुमारें ७५ ग्रॅम कोरडे ओट लागतात. चिमूटभर भुरभुरून कार्य साधत नाहीं.

परंतु एकत्र कुटुंबांत डॉक्टरांनीं वडील माणसांस ओट सांगितले कीं त्यांचें पातेलें वेगळें होतें. सर्वांपुढें खमंग पोहे आणि आजोबांपुढें फिकी पेज! पथ्याहून हें एकटेपण जड जातें व चार दिवसांत डबा फडताळांत मागें सरतो. म्हणून आमचें सांगणें इतकेंच, कीं ओट सर्वांच्याच ताटांत यावेत.

उपम्यासाठीं ते आधीं कोरडे भाजावे व पाणी ओटांइतकेंच घालावें, म्हणजे गिचका होत नाहीं. धिरड्यांसाठीं ओटच्या पिठांत निम्में बेसन, ताक, आलें, मिरची व कोथिंबीर घालावी. गव्हाची चिकाटी ओटांत नसल्यानें बेसनाचा आधार हवा. थालिपिठाच्या तीन वाट्या भाजणींत एक वाटी ओटचें पीठ सहज खपतें. आमटी दाट करण्यासहि तें उपयोगी पडतें. तयार मसाल्याचे वा गोड ओट घेण्यापूर्वीं मात्र वेष्टनावरील मीठ व साखर यांचे आंकडे वाचावे.

ज्वारी, नाचणी यांना उठवून ओटला पाट मांडण्याचें कारण नाहीं. सातूंतहि हाच तंतु आहे. पाहुण्यास पंक्तींत जागा द्यावी, घरच्यांस उपाशी उठवूं नये.