घरमालकाची वही आणि प्राप्तिकराची वही

दुसऱ्याच्या घरमालकाचा हेवा करणारी माणसे पुष्कळ भेटतात. घरबसल्या भाडे येते, आणखी काय हवे! पण रंगसफेदी, गळकी मोरी, सोसायटीची वर्गणी आणि दलाली यांचे आकडे त्या बिचाऱ्याच्या वहीत काय गोंधळ घालतात, हे त्यालाच ठाऊक. मला हिशेबाची आवड असल्यामुळे शेजारीपाजारी अशा वह्या घेऊन माझ्याकडे येतात.

एकदा आमच्या आळीतल्या निवृत्त शिक्षिकाबाई आल्या. वर्षाचे भाडे 1,80,000 रुपये. गच्चीच्या गळतीपायी खर्च झाला 1,90,000. "भाऊ, पदरचे दहा हजार गेले. मग कर कसला?"

मी म्हटले, "बाई, तुमची वही खरी, पण प्राप्तिकराची वही निराळी."

ही निराळी वही अशी. भाड्यातून प्रथम मालकाने त्या वर्षी स्वतः भरलेली घरपट्टी वजा होते. उरलेल्या रकमेतून सरसकट 30 टक्के सूट मिळते. दुरुस्ती, विमा, दलाली सारे त्यातच आले. 1961 च्या मूळ कायद्यात दुरुस्तीला एकषष्ठांश, विम्याचा हप्ता वेगळा, वसुलीखर्च वेगळा अशा तुकड्यातुकड्यांच्या सवलती होत्या. 2001 च्या वित्त कायद्याने त्या मोडून हा एकच आकडा ठेवला. तुम्ही एक खिळा ठोकला नाहीत तरी 30 टक्के, आणि अख्खी गच्ची नवी केलीत तरी 30 टक्केच!

बाईंनी घरपट्टी भरली होती 10,000. उरले 1,70,000, त्यातून 51,000 गेले. राहिलेले 1,19,000 त्यांच्या पेन्शनमध्ये मिळवले गेले. बाई क्षणभर गप्पच झाल्या.

या सुटीनंतर खरा वजा होतो तो कर्जाचा व्याज-खर्च. माझ्या भाच्याचे भाडे 2,40,000, घरपट्टी 12,000, सूट 68,400, उरले 1,59,600. पण व्याज 3,99,600! म्हणजे 2,40,000 तोटा. जुन्या करपद्धतीत यातले 2,00,000 पगारातून वजा होतात. उरलेले 40,000 पुढे आठ वर्षांपर्यंत नेता येतात, पण फक्त घराच्याच उत्पन्नातून वळते होतात. नव्या पद्धतीत मात्र या तोट्यातला एक रुपयाही पगारातून वजा होत नाही. आणि 2023-24 पासून जो काहीच निवडत नाही, त्याला नवीच पद्धत लागू होते. म्हणून कर्जावर घर घेऊन ते भाड्याने देणाऱ्या नोकरदाराने दोन्ही पद्धतींचा हिशेब शेजारीशेजारी मांडून पाहावा.

भाडेकरूने भाडे बुडवले तर? भाडेकरार खरा असावा, भाडेकरूने जागा सोडलेली असावी किंवा ती सोडवण्याची खटपट केलेली असावी, मालकाच्या दुसऱ्या जागेत तो राहत नसावा, आणि वसुलीसाठी कोर्टाची वाट धरलेली असावी किंवा ती धरणे व्यर्थ आहे हे पटवता यावे. एवढे जमले तर बुडालेले भाडे उत्पन्नात धरत नाहीत. पुढे ते हाती आले, तर आले त्या वर्षी त्यावर कर लागतो. मात्र 30 टक्के सूट तेव्हाही मिळते.

तेव्हा घरमालकहो, घरपट्टी 31 मार्चच्या आत भरा. तिची पावती, बँकेचा व्याजाचा दाखला आणि भाडेकरार एका पाकिटात ठेवा. रंगाऱ्याच्या आणि प्लंबरच्या पावत्याही जपा, पण त्या पुढच्या करारात भाडे ठरवताना उपयोगी पडतील म्हणून. करापुरते त्यांचे मोल 30 टक्क्यांत आधीच चुकते झालेले असते.