डिजिटल व्हिडिओ गेमची खरेदी : मालकी, परवाना आणि प्रवेशाचा प्रश्न

बीजसंज्ञा : डिजिटल खरेदी, मालकीहक्क, परवाना, प्रताधिकार, ग्राहक संरक्षण

१. प्रस्तावना

विकत घेतलेली वस्तू आपली होते, हा व्यवहारातील सर्वपरिचित नियम आहे. ती वस्तू मालकाने स्वतः वापरावी, मित्राला द्यावी, निम्म्या किमतीत विकावी किंवा मुलाबाळांसाठी ठेवावी. विक्रेत्याचा त्यात पुन्हा संबंध येत नाही. व्हिडिओ गेम सीडी वा डीव्हीडीच्या रूपाने दुकानात मिळत असे, तेव्हा हाच नियम त्यालाही लागू पडत होता. सातारा, कराड, सांगली वा मिरजेतील एखाद्या विद्यार्थ्याला आपली मूळ सीडी मित्राला देताना कोणत्याही कंपनीची संमती घ्यावी लागत नसे. आज गेम बहुधा इंटरनेटवरून, वैयक्तिक खात्याच्या माध्यमातून घेतला जातो. पडद्यावर 'विकत घ्या' असेच शब्द असतात आणि पैसेही रोख मोजावे लागतात. परंतु त्या शब्दांमागील कायदेशीर व्यवहार बदललेला आहे.

प्रस्तुत लेखात या बदलाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, डिजिटल गेम घेणाऱ्याला बहुतांश वेळा मालकी मिळत नाही, प्रवेशाची परवानगी मिळते. आणि ही परवानगी किती टिकाऊ आहे हे पैसे घेण्यापूर्वी स्पष्ट सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक असले पाहिजे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील प्राध्यापकवर्गाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. आपले विद्यार्थी या व्यवहारात ग्राहक आहेत. ई-पुस्तके व ई-नियतकालिके घेणारी आपली महाविद्यालयीन ग्रंथालयेही अशाच व्यवहारात ग्राहक आहेत.

२. प्रत, परवाना आणि सेवा

या विषयातील गोंधळ दूर करण्यासाठी तीन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट म्हणजे प्रत. संगणकाच्या तबकडीवर किंवा मोबाइलमध्ये साठवलेली गेमची फाइल ही प्रत होय. दुसरी गोष्ट परवाना. ती प्रत कोणी, कोठे, किती काळ वापरावी याविषयी कंपनीने घातलेल्या अटींचा हा करार असतो. तिसरी गोष्ट सेवा. गेम सुरू होताना खात्याची खातरजमा करणारा किंवा खेळाडूंना एकमेकांशी जोडणारा कंपनीचा सर्व्हर ही सेवा पुरवतो. सीडीच्या काळात प्रत हाती असली की बाकीच्या दोन गोष्टींची आठवणही होत नसे. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये 'स्टीम' हे वितरणाचे व्यासपीठ सुरू केले. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेला 'हाफ-लाइफ २' हा गेम दुकानातून तबकडीवर घेतला तरी स्टीमवर खाते उघडून त्याची नोंद करावी लागत असे. तबकडी ग्राहकाच्या घरी राहिली, पण ती चालू करण्याची किल्ली कंपनीकडे गेली. पुढील दोन दशकांचा बदल या एका घटनेत बीजरूपाने दिसतो.

आपल्या जिल्ह्यांत जमिनीच्या व्यवहारामुळे मालकीच्या पायऱ्या सर्वांना ठाऊक आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार भोगवटादार वर्ग १ ला आपली जमीन हस्तांतरित करण्याचा हक्क असतो; भोगवटादार वर्ग २ ला त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. डिजिटल गेम घेणारा या दोन्ही पायऱ्यांच्या खाली उभा आहे. वर्ग २ च्या भोगवटादाराचे नाव निदान सातबारावर असते, तो उतारा शासनाकडे असतो आणि फेरफार नोंद प्रमाणित होण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते. गेमच्या बाबतीत नोंदवही कंपनीच्याच ताब्यात असते आणि करारातील अटी बदलण्याचा अधिकारही बहुधा कंपनीने स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. खाते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, अशी अट तर सर्रास आढळते. परिणामी वडिलांनी आयुष्यभर जमवलेला गेमचा संग्रह मुलाकडे वारसाहक्काने जाईलच असे म्हणता येत नाही.

३. प्रवेश बंद होतो तेव्हा

हा धोका केवळ तात्त्विक नाही. भारतातील सर्वांत परिचित उदाहरण 'पबजी मोबाइल'चे आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ अन्वये ११८ ॲपवर बंदी घातली. त्यांत हा गेम होता. ३० ऑक्टोबर २०२० रोजी भारतातील त्याची सेवा पूर्णपणे थांबली. मूळ गेम विनामूल्य होता, परंतु त्यातील पोशाख, शस्त्रांची सजावट व आभासी चलन यांसाठी अनेक तरुणांनी पैसे मोजले होते. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन या दक्षिण कोरियन कंपनीने 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा भारतीय अवतार आणला आणि जुन्या खात्यातील माहिती ठरावीक मुदतीत हलवण्याची सोय दिली. जुलै २०२२ मध्ये तोही ॲप-दुकानांतून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. बंदीची कारणे योग्य होती की नाही हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, या सर्व घडामोडींत पैसे मोजणारा खेळाडू कोठेही पक्षकार नव्हता.

दुसरे उदाहरण विकत घेतलेल्या गेमचे आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. तो एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करण्यात आले आणि पूर्ण किंमत देऊन घेतलेला गेम, तबकडी असो वा डाउनलोड, निरुपयोगी झाला. त्यानंतर अनेकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेण्यात आला. पुस्तकांच्या क्षेत्रातही असेच घडले आहे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेल यांच्या '१९८४' या कादंबरीच्या विकलेल्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलवरून दुरूनच पुसून टाकल्या होत्या. प्रकाशकाकडे विक्रीचा हक्क नव्हता आणि पैसे परतही दिले गेले. तथापि विकलेले पुस्तक वाचकाच्या कपाटातून परस्पर काढून नेता येते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

४. भारतीय कायद्याची भूमिका

प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम २(ओ) नुसार संगणक आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते. गेममध्ये आज्ञावलीबरोबरच चित्रे, संगीत व कथानक असते आणि त्या प्रत्येकाला स्वतंत्र संरक्षण आहे. साहित्यकृतीची प्रत एकदा चलनात आली की तिच्या पुढील वितरणावर हक्कधारकाचे नियंत्रण राहत नाही, असे कलम १४ वरून दिसते. जुन्या पुस्तकांचा व्यापार याच तत्त्वावर उभा आहे. संगणक आज्ञावलीसाठी मात्र १९९४ च्या दुरुस्तीने, प्रत पूर्वी विकली गेली असली तरीही, विक्रीचा हक्क निर्मात्याकडे ठेवला होता. १९९९ च्या दुरुस्तीने हे शब्द वगळले. कायदेमंडळाचा कल कोणत्या दिशेने वळला हे यावरून सूचित होते.

त्याच कायद्याचे कलम ५२(१)(एए) कायदेशीरपणे प्रत बाळगणाऱ्याला, ती नष्ट होण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून, राखीव प्रत करण्याची मुभा देते. २०१२ मध्ये आलेले कलम ६५-अ तांत्रिक कुलूप तोडण्यास शिक्षा सांगते. परंतु प्रताधिकाराचा भंग करण्याचा हेतू हा त्या गुन्ह्याचा आवश्यक घटक आहे. कायदा ग्राहकाला पूर्णपणे निराधार सोडत नाही, असे म्हणता येते. अडचण अशी की, ज्या गेमचा आवश्यक भाग सर्व्हरवरच असतो त्याची राखीव प्रत काढून उपयोग होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय या संदर्भात महत्त्वाचे आहेत. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य (२००४) या प्रकरणात तबकडीवर विकलेले सॉफ्टवेअर हा 'माल' आहे, असे न्यायालयाने ठरवले. इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स (२ मार्च २०२१) या प्रकरणात वापरकर्त्याने परदेशी कंपनीला सॉफ्टवेअरसाठी दिलेली रक्कम रॉयल्टी नाही, कारण परवाना कराराने प्रताधिकारातील कोणताही हक्क त्याच्याकडे जात नाही आणि व्यवहाराचे खरे स्वरूप मालाच्या विक्रीचे आहे, असा निष्कर्ष निघाला. दोन्ही वाद करविषयक होते. त्यामुळे डिजिटल गेमच्या पुनर्विक्रीचा हक्क त्यांवरून आपोआप सिद्ध होत नाही. तथापि करारावर 'परवाना' हा शब्द छापला म्हणून व्यवहाराचे स्वरूप ठरत नाही, हे तत्त्व त्यातून पुढे येते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चे कलम २(४६) 'अनुचित करारा'ची व्याख्या करते. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार देणारी अट त्या व्याख्येत येते. अनुचित कराराविरुद्धची तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते. सेवेतील त्रुटीबद्दलची तक्रार जिल्हा आयोगाकडे, तीही ग्राहक जेथे राहतो तेथे करता येते. जत किंवा पाटण तालुक्यातील विद्यार्थ्याला परदेशी कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जाण्याची गरज नाही. सांगली वा सातारा येथील आयोग त्याच्यासाठी आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर तक्रारीचे शुल्कही नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट समावेश केला आहे.

५. परदेशांतील प्रयत्न

युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी युज्डसॉफ्ट प्रकरणात, कायमस्वरूपी परवान्यासह डाउनलोड केलेले सॉफ्टवेअर पुन्हा विकता येते, असा निर्णय दिला. मात्र १९ डिसेंबर २०१९ रोजी टॉम कॅबिनेट प्रकरणात ई-पुस्तकांना तो न्याय लावण्यास नकार दिला. फ्रान्समध्ये पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये स्टीमवरील गेमच्या पुनर्विक्रीच्या बाजूने निकाल दिला होता, परंतु अपील न्यायालयाने २०२२ मध्ये तो फिरवला. पुनर्विक्रीचा मार्ग असा अनिश्चित असताना कॅलिफोर्निया राज्याने वेगळी वाट धरली. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या तेथील कायद्यानुसार, ग्राहकाला केवळ परवाना मिळत आहे हे स्पष्ट न सांगता डिजिटल वस्तूसाठी 'विकत घ्या' असे शब्द वापरता येत नाहीत. कायमस्वरूपी डाउनलोड करून इंटरनेटविना वापरता येणाऱ्या वस्तूंना त्यातून सूट आहे. पोलंडमध्ये २००८ मध्ये सुरू झालेले 'जीओजी' हे दुकान अशाच, कुलूप नसलेल्या प्रती विकते. मालकीसारखा व्यवहार डिजिटल स्वरूपातही शक्य आहे, याचा हा पुरावा होय.

६. जतनाचा प्रश्न

मालकीचा प्रश्न केवळ ग्राहकाच्या खिशाचा नाही. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी येथून १९२० मध्ये सुरू झालेले किर्लोस्कर मासिक पुढे बंद पडले. पण त्याचे जुने अंक ग्रंथालयांत आणि घरोघरी उरले, म्हणून आजचा अभ्यासक ते वाचू शकतो. प्रकाशन थांबले तरी प्रत उरली. गेमच्या बाबतीत नेमके उलट घडते. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात उपलब्ध नाहीत.

अर्थात कागदी प्रत अमर असते असेही नाही. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात सांगली नगरवाचनालयातील असंख्य ग्रंथ भिजून नष्ट झाले. अशा वेळी डिजिटल प्रतीचे मोल कळते. सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडील छापील ग्रंथाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली आहे, ती याच गरजेतून. मात्र त्यासाठी मूळ प्रत ग्रंथालयाच्या ताब्यात असावी लागते. केवळ वर्गणीने वाचलेल्या साहित्याची प्रत जतन करता येत नाही; वर्गणी थांबली की वाचनही थांबते.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) डिजिटल गेमची खरेदी ही प्रत, परवाना व सेवा यांचे मिश्रण आहे. सेवेवरील अवलंबन जितके अधिक, तितकी ग्राहकाची मालकी कमी.

२) भारतीय कायद्यात ग्राहकाच्या बाजूची तत्त्वे आहेत, परंतु ती वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेली आहेत. 'विकत घ्या' या शब्दांच्या वापरावर कॅलिफोर्नियासारखे स्पष्ट बंधन घालणे हा त्यांना एकत्र आणण्याचा सर्वांत सोपा उपाय ठरेल. सेवा बंद करण्यापूर्वी पुरेशी सूचना, आणि शक्य तेथे सर्व्हरविना चालणारी आवृत्ती देणे, ही बंधनेही त्यात असावीत.

३) वाणिज्य, विधी व संगणकशास्त्राच्या वर्गांत करार शिकवताना एखाद्या गेमचा प्रत्यक्ष परवाना करार वाचून घ्यावा. इंटरनेटविना हा गेम चालेल काय, खाते हस्तांतरित होईल काय, सेवा बंद झाल्यास पैसे परत मिळतील काय, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याने पैसे देण्यापूर्वी विचारले, तरी बराच तोटा टळेल.

४) महाविद्यालयांनी ई-साहित्य घेताना, वर्गणी संपल्यानंतर आधीच्या वर्षांचे साहित्य कायम उपलब्ध राहील काय, याची लेखी हमी खरेदी समितीच्या कागदपत्रांत नोंदवावी.

गेम हे तरुणांच्या हाती येणारे पहिले डिजिटल बाजारपेठेचे साधन आहे. पुस्तके, संगीत, चित्रपट आणि शेतीच्या यंत्रांतील सॉफ्टवेअर हेही त्याच मार्गाने जात आहेत. म्हणून एका खेळाच्या निमित्ताने विचारलेला 'हे नक्की कोणाचे?' हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या पुढील प्रत्येक खरेदीत उपयोगी पडणार आहे.